पासवर्डाचे मानकरी

ज्याला एखाद्या विषयातलं सगळं कळतं तो गप्प बसतो, आणि ज्याला काहीच कळत नाही तोही गप्प बसतो. घात होतो तो दोन तासांच्या प्रशिक्षणाला जाऊन आलेल्या माणसाकडून. विनीत नागवेकर हा तसा माणूस. कचेरीतून कुणाला तरी पाठवणं भाग होतं, बाकीचे सगळे ऐन वेळी आजारी पडले, म्हणून संगणक सुरक्षेच्या प्रशिक्षणाला त्याची रवानगी झाली. तिथलं बिस्कीट मऊ पडलेलं होतं, पण ज्ञान कडक होतं. यंत्राबरोबर आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. तो कुणालाही सांगू नका. ज्याला जेवढं लागतं तेवढंच दार उघडा. हे ऐकून विनीतला दरदरून घाम फुटला, कारण त्याच्या पडवीत टांगलेल्या राउटरचा पासवर्ड अख्ख्या पिंपळकोंडाला तोंडपाठ होता.

पिंपळकोंड म्हणजे रत्नागिरी शहर संपून सड्याची, म्हणजे वरच्या कातळपठाराची, चढण लागायच्या आधीची खोलगट वस्ती. मोबाइलची रेंज वर कातळावर असते, खाली वाडीत उतरायचं तिच्या जिवावर येतं. नेटची तार आणायची ठरली तेव्हा केबलवाला म्हणाला, घरोघर वेगळी जोडणी परवडत नाही. एक घ्या आणि आपापसात वाटून घ्या. रस्त्याला लागून घर विनीतचं, म्हणून डबा त्याच्या पडवीत बसला आणि तिथून पोफळींच्या आधाराने तारा सगळीकडे गेल्या. पासवर्ड म्हणून ग्रामदेवीचं नाव ठेवलं. आता देवीचं नाव वाडीच्या कमानीवर हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेलं होतं, त्यामुळे जांभ्याच्या चिऱ्यांचे ट्रकवाले कमानीखाली गाडी लावून, डबा उघडून जेवत जेवत क्रिकेटचे सामने बघायचे. इकडे विनीतच्या घरात मात्र साधी बातमी उघडायची तरी चाक फिरत राहायचं, आणि ते बघत बसण्यात त्याची निम्मी संध्याकाळ जायची.

एरवी त्याने हेही सोसलं असतं. पण येत्या रविवारी अकरा वाजता त्याच्या बायकोची, नम्रताची, मुलाखत होती. शहरातल्या एका शाळेत ती बरीच वर्षं हंगामी शिक्षिका होती; दर उन्हाळ्यात तिला निरोप मिळायचा आणि दर जूनमध्ये पुन्हा बोलावणं. सावर्ड्याला एका संस्थेची नवी शाळा निघत होती आणि तिथे मुख्याध्यापिका हवी होती. संस्थेचे अध्यक्ष मुंबईत बसत, म्हणून मुलाखत ऑनलाइन. ही जागा आपल्याला किती हवी आहे हे नम्रता मोठ्याने म्हणत नव्हती. पण स्वयंपाक करताना ती हळू आवाजात उत्तरांची तयारी करायची, आणि विनीत आत आला की एकदम कोथिंबिरीचा भाव सांगायला लागायची.

"मुलाखतीत चित्र अडकलं तर मी मेलेच," ती म्हणाली.

"अडकणार नाही," विनीत म्हणाला. "मी आता वाडीत शिस्त आणतो."

नम्रताने त्याच्याकडे बघितलं. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या बाईला असल्या वाक्याची भीती वाटते, तशी तिला वाटली.

बुधवारी संध्याकाळी विनीतने शिस्त आणली. राउटरचं पान उघडून त्याने वायफायचा पासवर्ड बदलला. मग ॲडमिनचा, म्हणजे राउटरच्या मालकीचा पासवर्ड बदलला. तो अजून कारखान्यातून आलेलाच होता. पासवर्ड फार वेळा चुकला तर दार आपोआप बंद व्हावं, हीसुद्धा सोय करून ठेवली. शेवटी त्याने माणसांच्या पायऱ्या केल्या. वर ॲडमिन, त्याखाली वाडीकर, आणि सगळ्यात खाली पाहुणे. वाडीकरांना पुरेसं नेट, पाहुण्यांना थेंब थेंब. पाहुणे म्हणजे अर्थातच ट्रकवाले. एवढं करून तो आरामखुर्चीत टेकला. चाक फिरलं नाही, बातमी चटकन उघडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रशिक्षणाचा उपयोग झाल्याचं समाधान त्याला मिळालं. ते साधारण चहा निवेपर्यंत टिकलं.

पहिल्या आल्या शेजारच्या हौसाकाकी. "विनीता, माजा टीवी मेला रे."

"मेला नाही काकी. पासवर्ड बदललाय."

"मग सांग की."

"तो सांगायचा नसतो. टीव्हीला जोडता तो फोन आणा, मी घालून देतो."

हौसाकाकींनी त्याच्याकडे असं बघितलं, की जणू त्यांनी घोटभर पाणी मागितलं आणि त्याने विहिरीवर झाकण घातलं. "तुजा बारसा जेवलेली मी," त्या म्हणाल्या आणि गेल्या. फोन आणायला नव्हे, वाडीत सांगायला.

त्यानंतर सल्ल्यांची रीघ लागली. कुणी म्हणालं जुना पासवर्ड चांगला होता, देवीचं नाव होतं म्हणून डबा एवढे दिवस टिकला. कुणी म्हणालं पासवर्ड बदलण्याआधी कौल लावायला हवा होता. एकाने तर हळूच विचारलं की कचेरीत काही गडबड झाली का, म्हणजे तोंड लपवायची वेळ आली का. विनीत प्रत्येकाला सुरक्षा समजावत होता. समजावता समजावता त्याचा घसा बसला, आणि त्याच घाईत त्याच्या हातून ती चूक झाली. केरूतात्या शितपांचा फोन त्याने पाहुण्यांच्या पायरीवर टाकला.

केरूतात्या म्हणजे वाडीचे पहिले मानकरी. शिमग्यात देवीच्या पालखीला पहिला खांदा त्यांचा, पहिला नारळ त्यांचा. एसटीत कंडक्टर होते तेव्हा देवरूखच्या गाडीत त्यांनी साहेबांनासुद्धा मागच्या बाकावर बसवलं होतं. त्या रात्री त्यांनी फोनवर कीर्तन लावलं, तर बुवांचं तोंड उघडायचं आणि तसंच राहायचं. तात्यांनी चौकशी केली. कळलं की आपण पाहुणे आहोत, ट्रकवाल्यांच्या पंगतीत.

गुरुवारी सकाळी देवळात सभा भरली. विनीतला कचेरीत जायला उशीर होत होता, पण सभेपेक्षा साहेब बरे असं म्हणायची सोय नव्हती.

"ह्यो ॲडमिन म्हंजे कोन?" तात्यांनी सुरुवात केली.

"मी," विनीत म्हणाला. "म्हणजे, डबा माझ्याकडे आहे म्हणून."

"पालकी सहानेच्या चौथऱ्यावर बसते. म्हनून सहान काय मानकरी झाली?"

सभेला हा मुद्दा फारच पटला. विनीतचे आजोबा देवरूखहून इथे आले, म्हणजे त्याचं घर वाडीच्या हिशेबाने कालपरवा आलेलं. त्या घराला कसलाच मान नव्हता. शिमग्यात पालखी त्याच्या अंगणात यायची, पण यादीत सगळ्यांच्या शेवटी, भोई दमलेले असताना. आणि हा मनुष्य वाडीची वर्गवारी करायला निघाला होता! विनीतने प्रशिक्षणातलं सांगून बघितलं, की ॲडमिन एकच असावा. त्यावर बाबू गुरव पहिल्यांदा बोलला. बाबू देवीची पूजा करायचा. गेल्या शिमग्यात पालखी कुठल्या बाजूने वळवायची यावरून त्याचं आणि तात्यांचं बोलणं बंद झालं होतं, म्हणून तो देवळाच्या खांबाकडे बघून बोलला.

"देवीची चांदीची रुपं ज्या पेटीत हायत तिला कुलपं किती? तीन. चाव्या कोनाकडं? तीन घरांत. एकट्यानं उगडायची नाय, म्हनून आजवर पेटीतला तांदळाएवडा चांदी गेला नाय. मग ह्या डब्याला एकच कुलूप कशाला?"

तात्यांना हे पटलं, पण बाबूचं पटलं असं म्हणता येत नव्हतं. म्हणून ते म्हणाले, "माज्या मनात हाच इचार होता." आणि ठराव झाला. ॲडमिनच्या पासवर्डाचे तीन तुकडे करायचे. पहिला तुकडा केरूतात्यांचा, दुसरा बाबू गुरवाचा, तिसरा गुलाम रसूल चाचांचा. चाचांच्या घरातून पालखीच्या मशालीला पिढ्यान्‌पिढ्या तेल येतं, म्हणून पेटीची तिसरी चावी त्यांच्याकडे असे. जहाजावर जग फिरून आलेले हे चाचा मवाळ बोलायचे. ते म्हणाले, "मला कशाला बाबांनो ह्यात? मला फक्त दोह्याला असलेली नात फोनवर दिसली म्हणजे झालं." पण मान नाकारता येत नाही. विनीतकडे कुठलाच तुकडा नव्हता. त्याने वीज पुरवायची, पडवी झाडून ठेवायची आणि चहा करायचा.

"हे तर सगळ्यात सुरक्षित झालं," नम्रता त्याला म्हणाली. ती त्याची समजूत घालत होती की थट्टा करत होती, हे त्याला कळलं नाही.

त्याच संध्याकाळी पासवर्ड बसवण्याचा कार्यक्रम झाला. लॅपटॉप पाटावर ठेवला. तात्यांनी आपला तुकडा टाइप केला तेव्हा बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग बाबूने केला, मग चाचांनी. विनीतला अंगणात उभं केलं होतं, आपल्याच घराच्या बाहेर, आणि रस्त्याने जाणारे येणारे विचारत होते की आत कोण आजारी आहे. तेवढ्यात आतून ओरडा झाला. राउटर म्हणत होता, तोच पासवर्ड पुन्हा टाका.

"का?" तात्या गरजले. "इश्वास नाय काय आमच्यावर?"

विनीतने अंगणातूनच सांगितलं की ती पद्धत आहे, खात्री करतात. मग पुन्हा सगळ्यांनी भिंतीकडे तोंडं केली. दोन्ही वेळचं जुळलं. बाबूने राउटरला हळद-कुंकू लावलं. त्यातलं थोडं हवेच्या भोकातून आत गेलं, पण दिवे चालू राहिले. तात्यांना वाडीकरांत बढती मिळाली. हौसाकाकींचा टीव्ही जिवंत झाला. सगळं सुरळीत चाललं, आणि तसंच चालत राहिलं असतं.

रविवारी सकाळी नेट बंद होतं.

विनीतने डबा बंद करून चालू केला, तारा काढून घातल्या, खालून वरून फुंकर मारली. काही नाही. केबलवाल्याला फोन करायला तो कमानीपाशी गेला, कारण तिथे एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं तर बोलण्यापुरती रेंज मिळते.

"हां साहेब, आमच्याकडं जरा बदल केलाय," केबलवाला म्हणाला. "तुमी राउटरच्या पानावर जा, मी एक आकडा सांगतो तो टाका. पाच मिंटाचा काम. ॲडमिनचा पासवर्ड हाय ना?"

"आहे," विनीत म्हणाला. "पण तिघांत आहे."

"वारसाहक्काची केस हाय काय?" केबलवाल्याने विचारलं.

विनीत धावत तात्यांकडे गेला. तात्या अंगणात दात घासत होते. त्यांनी सावकाश चूळ भरली. "असा हाक मारून मानकऱ्याला नेतात काय? नारळ ठेवून बोलवायचा असतो."

"तात्या, नम्रताची मुलाखत आहे हो अकराला!"

"म्हनून तर. शुभ कामाला नारळ नको?"

विनीत घरी आला, नारळ घेऊन गेला. मग बाबूकडे. बाबू देवळात पूजेला बसला होता आणि पूजा अर्धी टाकून उठता येत नव्हतं. आज तर त्याने आरतीनंतर गाऱ्हाणंसुद्धा घातलं, आणि वाडीतल्या प्रत्येक घराचं नाव घेऊन त्याला सुखी ठेव म्हणून देवीला सांगितलं. नागवेकरांचं घर अर्थातच शेवटी आलं. विनीत दाराशी उभा राहून प्रत्येक घराला "होय महाराजा" म्हणत होता आणि मनात त्या प्रत्येक घराला शिव्या देत होता. चाचा मिरकरवाड्याला मासळी आणायला गेले होते. त्यांची सून आसिया म्हणाली, "येतीलच, बांगडे मिळाले की येतील." बांगडे उशिरा मिळाले.

तिघं पडवीत जमले तेव्हा घड्याळाकडे बघायचं धैर्य विनीतला नव्हतं. नम्रता निळी साडी नेसून दारात उभी होती. तिने ओरडायला हवं होतं असं विनीतला वाटलं. ते सोपं गेलं असतं.

भिंतीकडे तोंडं झाली. तात्या, बाबू, चाचा. पासवर्ड चुकीचा.

"कोन चुकला?" तात्या म्हणाले.

"ह्यांस्नी सांगा, आमी चुकत नाय," बाबू खांबाला म्हणाला.

पुन्हा. चुकीचा. विनीत हात जोडून म्हणाला, "अहो, एकमेकांना सांगू नका, मला तरी सांगा! मी कानात ऐकतो!" पण मानाची गोष्ट बोलून दाखवायची नसते. पुन्हा टाकला. मग आणखी एकदा, या वेळी तात्यांनी प्रत्येक कळ घंटेसारखी दाबली. आणि मग पडद्यावर अक्षरं आली, की फार वेळा चुकलं आहे, तासाभराने प्रयत्न करा. बुधवारी संध्याकाळी विनीतने स्वतःच केलेली सोय होती ती. इतकी बिनचूक चाललेली एकमेव गोष्ट.

इथे विनीतचं डोकं फिरलं. त्याने आरशापुढे पडलेली नम्रताची साडीची पिन घेतली, राउटरच्या पाठीमागच्या बारीक भोकात खुपसली आणि दाबून धरली. दिवे गेले, आले, आणि तिन्ही मानकऱ्यांचे तुकडे पुसले गेले. आता ॲडमिनचं दार सताड उघडं होतं. विनीत विजयाने धापा टाकत कमानीच्या दगडावर गेला.

"रिसेट केलात?" केबलवाल्याचा आवाज चिरकला. "अवो, त्यात आमची सगळी माहिती होती! आता मानूसच पाटवायला लागल. रविवार हाय, बगतो संध्याकाळपर्यंत."

विनीत परत आला तेव्हा दारात नम्रता नव्हती. "गेली ती सड्यावर," हौसाकाकी म्हणाल्या. "फोन नि छत्री घेऊन. तुमी चुकीचा चुकीचा करत होतात तवाच गेली."

मे महिन्याचं ऊन, आणि कातळ तापून तव्यासारखा झालेला. विनीत चढण चढत पळाला, त्याच्यामागे तिघं मानकरी निघाले. अपराधी वाटत होतं म्हणून, आणि मुलाखत कशी असते ते बघायचं होतं म्हणूनही. वाटेत बाबूने विनीतला गाठलं आणि पहिल्यांदाच खांब सोडून माणसाकडे बघून बोलला. "मी तिथी टाकली होती रे. गुरुवारी पंचमी होती. आज आष्टमी. मी आष्टमी टाकली." थोडं वर गेल्यावर तात्यांनी दंड धरला. "चष्मा घरी राह्यला. पर त्याला सांगू नको." शेवटच्या वळणावर चाचा जवळ आले, हातात बांगड्यांची पिशवी. "बेटा, मी तर काहीच टाकलं नव्हतं. नुसता हात फिरवला. दोघांच्या मधे आपण कशाला?" विनीतला रडू येईल असं वाटलं, पण चढणीवर तेवढा दम नव्हता.

वर नम्रता एका चिऱ्यावर बसली होती. एका हातात छत्री, समोर दगडांवर टेकवलेला फोन, तो सारखा घसरत होता. मुलाखत सुरू झाली होती. विनीत पोचताच तिने बोलणं न थांबवता डोळ्यांनी फोन दाखवला. त्याने गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी फोन धरला. तात्यांनी छत्री घेतली. बाबूला ते बघवेना, त्यानेही दांडा धरला. बोलणं बंद असलेली दोन माणसं एका छत्रीखाली एक दांडा धरून उभी राहिली, आणि त्यांच्या शेजारी चाचा, बांगडे घेऊन.

नम्रता शाळेबद्दल बोलत होती. वर्गाबाहेर काढलेल्या मुलांबद्दल, हंगामी शिक्षकांना जूनपर्यंत वाटणाऱ्या धाकधुकीबद्दल. तिचा आवाज एकदाही कापला नाही. विनीतने फोन आणखी घट्ट धरला. आपण हिला शिस्त आणून देणार होतो, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बाई," फोनमधून अध्यक्षांचा आवाज आला, "तुमच्या मागे ही मंडळी कोण?"

"आमच्या वाडीचे मानकरी."

"आणि मघापासून एक अंगठा दिसतोय, तो?"

"ते आमचे ॲडमिन, सर."

"बरं. आणि या सगळ्यांत तुमचा मान कितवा?"

"मला मान नाही, सर," नम्रता म्हणाली. "म्हणून तर मी वेळेवर पोचले."

छत्री थोडी हलली. तात्यांनी कातळाकडे बघितलं, बाबूनेही. फोनमध्ये आधी एकजण हसला, मग सगळे. विनीत हसला नाही. त्याला तिचा चेहरा इतक्या जवळून दिसत होता, आणि त्यावर घाम होता, ऊन होतं, आणि भीती अजिबात नव्हती.

दुसऱ्या दिवशी नम्रता कमानीच्या दगडावर उभी राहून फोनवर बोलत होती, विनीत शेजारी पिशवी धरून. संस्थेचे चिटणीस बोलत होते. निवड झाली होती. त्यांचं अभिनंदन झालं, तिचे आभार झाले, आणि मग ते जरा घुटमळले. एक लहानशी अडचण होती म्हणाले. शाळेसाठी नवे संगणक आलेत, पण त्यांचा पासवर्ड अध्यक्षांकडे असावा, चिटणिसांकडे असावा की देणगीदारांकडे, यावर कार्यकारिणीत अजून एकमत होत नाही. त्यामुळे खोकी उघडलेली नाहीत. बाईंना काय वाटतं, कुणाकडे असावा?

विनीतने पिशवी खाली ठेवली, घसा साफ केला आणि मार्गदर्शनासाठी फोनकडे हात पुढे केला.

"माझ्याकडे," नम्रता म्हणाली, आणि रुजू व्हायची तारीख विचारून घेऊ लागली.